सिंहाचा वाटा कुणाचा?

एखाद्या वाक्प्रचाराचा अर्थ 'कळला' असं आपण नेमकं कधी म्हणू शकतो?

हा प्रश्न शाळेतल्या दोन गुणांच्या प्रश्नासारखा दिसतो. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.' अर्थ पाठ असला की एक गुण, वाक्य जमलं की दुसरा. मी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. येणारी मुलंमुली बहुतेक मराठी माध्यमातली, नुकती नोकरीला लागलेली किंवा नोकरी शोधणारी. त्यांचं इंग्रजी वाईट नसतं. व्याकरण येतं, मेल लिहिता येतो. अडतं ते मीटिंगमध्ये. कुणीतरी 'लो हँगिंग फ्रूट' म्हणतं, कुणी 'बॉलपार्क फिगर' मागतं, आणि एक एक शब्द ओळखीचा असूनही वाक्य मात्र परकं होतं. म्हणून त्यांना यादी हवी असते. शंभर वाक्प्रचार, समोर अर्थ, पीडीएफमध्ये.

यादी मी देते. पण ती दिल्यावरही वरचा प्रश्न उरतो. आणि मला तो आता भाषेचा कमी, नीतीचा जास्त वाटू लागला आहे.

यादीतला अर्थ

'किक द बकेट' म्हणजे मरणे. यादीत असंच लिहिलेलं असतं, आणि ते बरोबर आहे. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या माणसाने 1785 मध्ये लंडनच्या रस्त्यावरच्या भाषेचा कोश छापला, त्यातही हा अर्थ आहे. म्हणजे सव्वादोनशेहून जास्त वर्षं हा अर्थ जागचा हललेला नाही.

आता समजा, तुमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे आजोबा गेले. तुम्ही यादीतला अर्थ नीट पाठ केलाय, आणि त्याला भेटून म्हणता, तुझ्या आजोबांनी 'बकेट किक' केल्याचं ऐकलं, वाईट वाटलं. अर्थ चुकला का? नाही. वाक्यात उपयोग चुकला का? व्याकरणाने नाही. तरी समोरच्याचा चेहरा सांगेल की काहीतरी भयंकर चुकलंय.

मराठीत हे आपल्याला शिकवावं लागत नाही. देवाज्ञा झाली, निधन झालं, गेले, वारले, खपला, गचकला. सगळ्यांचा 'अर्थ' एकच. पण शेजारच्या काकांच्या दारात जाऊन 'काकू गचकल्या का?' असं विचारणारा माणूस आपल्याला भाषेत कच्चा वाटणार नाही, माणुसकीत कच्चा वाटेल. याचाच अर्थ, हा शब्द कुणी, कुणाला, कुणाबद्दल म्हणायचा, हे त्या शब्दाच्या अर्थाबाहेरचं नसतं. ते अर्थातच मुरलेलं असतं. यादी नेमकं तेवढंच गाळून बाकीचं देते.

जन्मकथेतला अर्थ

मग आपण दुसरीकडे वळतो. वाक्प्रचार आला कुठून, हे कळलं की तो खरा कळला, असं आपल्याला वाटतं. रीलवर अशा गोष्टी भरपूर फिरतात. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' का म्हणतात? तर म्हणे पूर्वी इंग्लंडात घरांवर गवताची छपरं असत, कुत्री-मांजरं उबेला त्यात झोपत आणि मोठा पाऊस आला की घसरून खाली पडत. गोष्ट छान आहे, पण खोटी आहे. 1999 च्या सुमारास इमेलवरून फिरलेल्या एका गमतीशीर मजकुरातून ती जगभर पसरली. प्रत्यक्षात 1653 मध्ये छापलेल्या रिचर्ड ब्रोमच्या नाटकात कुत्र्यांचा आणि नावात मांजर असलेल्या एका रानटी प्राण्याचा पाऊस आहे, 1738 मध्ये जोनाथन स्विफ्टच्या पुस्तकात आजच्या रूपातला वाक्प्रचार आहे. पण कुत्री-मांजरंच का, याचं खात्रीचं उत्तर कुणाकडेही नाही. आपल्या मुसळधार पावसाचं बरं आहे. मुसळ पाहिलेल्या कुणालाही ती जाड, उभी धार दिसते.

गंमत अशी, की कुत्र्या-मांजरांचं कारण कुणालाच माहीत नसताना इंग्रजी बोलणारा प्रत्येक जण तो वाक्प्रचार बिनचूक वापरतो. मग जन्मकथा कळणं म्हणजे अर्थ कळणं, हे कसं खरं असेल?

या वादाचा निकाल आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वी बराचसा लावून ठेवलेला आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाश' लिहिला. शब्द आपला मूळ अर्थ सोडून दुसऱ्या अर्थाकडे जातो त्याला तो लक्षणा म्हणतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. मूळ अर्थ अडला पाहिजे, नव्या अर्थाचा मूळ अर्थाशी काही संबंध पाहिजे, आणि त्या उडीमागे एकतर रूढी पाहिजे किंवा हेतू. 'गंगेवर गवळ्यांची वस्ती' म्हटलं तर पाण्यावर घरं बांधता येत नाहीत, म्हणून आपण 'गंगेच्या काठावर' असं समजतो. पण बोलणाऱ्याने 'काठ' न म्हणता 'गंगा' म्हटलं, कारण त्याला तिथला गारवा आणि पावित्र्यही सांगायचं होतं. हा झाला हेतू. रूढीचं उदाहरण म्हणून मम्मट 'कुशल' हा शब्द घेतो. कुश म्हणजे दर्भ, धारदार पातीचं गवत. हात कापून न घेता ते आणणारा तो कुशल. पुढे कोणत्याही कामात तरबेज असणारा कुशल झाला.

चौदाव्या शतकात 'साहित्यदर्पण' लिहिणाऱ्या विश्वनाथाने यावर हरकत घेतली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'तरबेज' हाच कुशल शब्दाचा मुख्य अर्थ आहे. शब्द कशापासून बनला ते कारण वेगळं, आणि लोक तो कशासाठी वापरतात ते कारण वेगळं. पहिलं व्युत्पत्तिनिमित्त, दुसरं प्रवृत्तिनिमित्त. कुशल कारागीर म्हणताना कुणाच्या डोक्यात गवत नसतं.

मला विश्वनाथाची बाजू पटते. विसाव्या शतकात व्हिट्गेनश्टाइननेही बऱ्याच अंशी याच दिशेने बोट दाखवलं, शब्दाचा अर्थ पाहायचा असेल तर त्याचा वापर पाहा. आणि हा भेद निव्वळ पंडिती नाही. त्याला आजच्या आयुष्यात किंमत आहे.

'ब्लड इज थिकर दॅन वॉटर', रक्ताचं नातं सगळ्यात घट्ट, हा इंग्रजीतला जुना वाक्प्रचार. गेली काही वर्षं एक पोस्ट फिरते की याचं 'मूळ' रूप वेगळंच होतं: करारातलं रक्त हे गर्भातल्या पाण्यापेक्षा घट्ट. म्हणजे निवडलेली नाती जन्माच्या नात्यांपेक्षा मोठी, आणि लोकांनी अर्थ उलटा करून टाकला. या तथाकथित मूळ रूपाला जुना पुरावा नाही. ते अलीकडच्या काळातलं आहे. पण ते इतकं का पसरलं, ते मला समजतं. घरातून मार खाल्लेल्या, मनाविरुद्ध लग्नाला बसवलेल्या, मुलगा नाही म्हणून टाकून बोललेल्या कुणालाही 'शेवटी रक्ताचंच नातं' हे वाक्य दगडासारखं लागतं. तो दगड परतवायला त्यांना दुसरा दगड हवा असतो, आणि तो जुना असेल तर बरं.

मला त्या व्यक्तीला एवढंच सांगायचं आहे: तुझा निर्णय बरोबर असेल तर त्याला खोट्या जन्मदाखल्याची गरज नाही. आणि तो वाक्प्रचार खरोखर जुना आहे म्हणून तो बरोबरही ठरत नाही. मूळ अर्थ म्हणजे खरा अर्थ नव्हे, आणि खरा अर्थ म्हणजे योग्य विचार नव्हे. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

पण इतिहास पुसून टाकायचा का?

इथे कुणीतरी अडवेल. वापर तोच अर्थ असेल, तर 'सोल्ड डाउन द रिव्हर' चं काय? आज त्याचा अर्थ विश्वासघात करणे, केसाने गळा कापणे. पण तो आला अमेरिकेतल्या गुलामगिरीतून. उत्तरेकडच्या गुलाम राज्यांतली माणसं मिसिसिपी नदीमार्गे खाली दक्षिणेला, कापसाच्या मळ्यांवर विकली जात. घरच्यांची ताटातूट बहुतेक कायमची असे. आज एखादा मॅनेजर बढती हुकली म्हणून हा वाक्प्रचार वापरतो, तेव्हा त्याच्या मनात ती नदी नसते. मग त्याने वापरू नये का?

याच्या बरोबर उलटं एक उदाहरण आहे. 'कॉल अ स्पेड अ स्पेड', फावड्याला फावडं म्हणा, म्हणजे स्पष्ट बोला. ग्रीक मुळात फावडं नव्हतंच, काठवटीसारखं भांडं होतं. सोळाव्या शतकात इरॅस्मसने लॅटिनमध्ये नेताना त्याचं फावडं झालं, आणि 1542 मध्ये निकोलस युडॉलच्या भाषांतरातून ते इंग्रजीत आलं. स्पष्ट बोलण्याचा वाक्प्रचारच भाषांतरातल्या गडबडीतून जन्मला! पण विसाव्या शतकात अमेरिकेत 'स्पेड' ही काळ्या लोकांना दिली जाणारी शिवी झाली, आणि आता तिथे अनेक जण हा वाक्प्रचार टाळतात. जन्म निष्पाप, पण वर्तमान दुखरं. नदीचा जन्म क्रूर, पण वर्तमान बेसावध.

दोन्ही शेजारी ठेवली की दिसतं, निव्वळ जन्मकथेवरून निकाल लागत नाही. निकाल लागतो तो समोर कोण बसलंय यावरून. इतिहास शब्दाचा अर्थ ठरवत नाही, पण तो ज्याच्या अंगावरून गेला, त्याला तो ऐकू येतो. 'लंगडी सबब' हा शब्दप्रयोग आपण दिवसातून दोनदा करू. वर्गात कुबड्या घेऊन येणारी मुलगी बसलेली असेल तर तो दोनदा वेगळा ऐकू येतो. तिने काही म्हणावं अशी वाट का पाहायची? आपल्या जुन्या म्हणींमध्ये जातींची नावं घेऊन केलेली थट्टा तर इतकी आहे, की त्यांचा संग्रह मोठ्याने वाचताना माणसाला अधूनमधून थांबावं लागतं. 'आता तसा अर्थ कुणाच्या मनात नसतो' हे वाक्य बहुधा तीच माणसं बोलतात ज्यांच्यावर ती थट्टा कधी झालेलीच नसते.

वाक्प्रचार काय काम करतो?

तर मग यादी पुरत नाही, जन्मकथा पुरत नाही. उरतो वापर. पण वापर पाहायचा म्हणजे काय पाहायचं? माझं उत्तर असं: तो वाक्प्रचार त्या क्षणी कुणासाठी कोणतं काम करतोय, ते पाहायचं.

'पुलिंग युअरसेल्फ अप बाय युअर बूटस्ट्रॅप्स' घ्या. आज याचा अर्थ, कुणाच्या मदतीशिवाय स्वतःच्या हिमतीवर वर येणं. बुटाच्या मागे जो ओढायचा पट्टा असतो, तो धरून स्वतःला वर उचलणं. जरा करून पाहा. होत नाही, होणारच नाही. आणि सुरुवातीला हा वाक्प्रचार त्याच अर्थाने, अशक्य गोष्टीची टर उडवण्यासाठी वापरत. 1834 मध्ये अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने, कायम आपोआप चालणारं यंत्र शोधल्याचा दावा करणाऱ्या माणसाची अशीच खिल्ली उडवली होती: आता हा बुटाचे पट्टे धरून नदीही ओलांडेल. आपल्या दर्शनग्रंथांतही असाच दाखला आहे. कसरत करणारा कितीही तयारीचा असो, तो स्वतःच्याच खांद्यावर चढू शकत नाही.

म्हणजे दोन संस्कृतींनी स्वतंत्रपणे जे अशक्य म्हणून सांगितलं, ते पुढे गरिबाकडून अपेक्षित असलेलं किमान वर्तन झालं. फी परवडत नाही? बूटस्ट्रॅप. गावात एसटी येत नाही? बूटस्ट्रॅप. जाता जाता, तुमच्या हातातला फोन 'रिबूट' होतो, तो 'बूट' शब्दही याच पट्ट्यातून आला. यंत्राने स्वतःच स्वतःला सुरू करायचं. पण त्या यंत्रातही पहिली आज्ञा कारखान्यात कुणीतरी आधी भरून ठेवलेली असते. फोनला जी सवलत आहे, ती माणसाला नको?

दुसरं उदाहरण, 'अ फ्यू बॅड ॲपल्स'. एखाद्या संस्थेतली गैरकृत्यं बाहेर आली, की खुलासा येतो: काही थोडी सफरचंदं नासकी निघाली, बाकी सगळं ठीक आहे. पण या वाक्प्रचाराची जुनी म्हण नेमकं उलटं सांगते. एक नासकं सफरचंद सगळं पिंप नासवतं. आपल्याकडे हे समजावून सांगायला नको, एक नासका आंबा अख्खी आढी नासवतो. ज्याने गवतात आंबे घातलेत त्याला माहीत असतं, की एक आंबा लागला तर तो काढून टाकून भागत नाही. सगळी आढी उलगडून, एक एक फळ हातात घेऊन पाहावं लागतं. म्हण तपासायला सांगते. आजचा वाक्प्रचार तपासणी थांबवायला सांगतो.

तिसरं उदाहरण आपल्या मराठीतलंच आहे, फक्त आपण ते विसरलोय. 'सिंहाचा वाटा'. हा इंग्रजी 'लायन्स शेअर' वरून आपल्याकडे आला असावा, आणि त्यामागे इसापाची कथा आहे. रोमन कवी फीड्रसने सांगितलेल्या रूपात सिंह, गाय, शेळी आणि मेंढी मिळून शिकार करतात. वाटणीला सिंह चार भाग करतो. पहिला माझा, कारण मी राजा. दुसरा माझा, मी भागीदार आहे म्हणून. तिसरा माझा, कारण मी बलवान. आणि चौथ्याला हात लावेल त्याची खैर नाही. कथेचं तात्पर्य, बलवानाशी भागीदारी करू नये.

इंग्रजीत हळूहळू 'सगळं' चं 'सगळ्यात मोठा हिस्सा' झालं. दहशत निघून गेली, उरलं नुसतं माप. मराठीत तर आपण कमालच केली. 'संस्थेच्या उभारणीत त्यांचा सिंहाचा वाटा आहे.' इथे सिंह काही घेत नाही, देतो! ज्याने सगळ्यांची शिकार लाटली, तो आपल्या सत्कारसमारंभात सर्वांत मोठा दाता झाला. शाल, श्रीफळ आणि सिंहाचा वाटा.

या वापराला चूक म्हणायची माझी इच्छा नाही. विश्वनाथाच्या न्यायाने मराठीत आता तोच अर्थ आहे. पण अर्थाचा हा प्रवास पाहिला, की मंचावरच्या त्या वाक्याकडे जरा वेगळं पाहता येतं. कथेत गाय, शेळी आणि मेंढीही शिकारीला गेल्या होत्या. त्या कुठे आहेत?

झाकणं आणि पांघरणं

जॉर्ज ऑर्वेलने 1946 च्या एका प्रसिद्ध निबंधात घिस्यापिट्या प्रतिमांवर हल्ला केला होता. 'टो द लाइन' म्हणजे रेषेवर पायाची बोटं टेकवून उभं राहणं. पण लोक उच्चारसाम्यामुळे तो 'दोरीने रेषा ओढणं' असा लिहितात. ऑर्वेलचं म्हणणं, याचा अर्थ लिहिणाऱ्याला चित्र दिसतच नाही, तो विचार न करता लिहितोय.

मी ऑर्वेलशी अर्धीच सहमत आहे. चित्र न दिसणं हा गुन्हा नाही. 'हे हिमनगाचं टोक आहे' असं आपण रोज म्हणतो, आणि लातूर-सोलापुरात कुणी हिमनग पाहिलेला नसतो. तरी म्हणायचं ते नीट पोचतं. चित्र हरवलं तर बिघडत नाही. माणूस हरवला तर बिघडतं.

हे सर्वांत कठोरपणे दाखवलं हाना आरेन्टने. 1961 मध्ये जेरुसलेममध्ये अडॉल्फ आइशमनवर खटला चालला. लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांची व्यवस्था पाहणारा हा अधिकारी. 1963 च्या पुस्तकात आरेन्टने त्याच्या बोलण्याबद्दल लिहिलंय. तो सतत ठरावीक शब्दप्रयोगांत बोलायचा, तेही अनेकदा चुकीचे वापरून, आणि शेवटी त्याने कबूल केलं की सरकारी कागदाची भाषा हीच त्याची एकमेव भाषा आहे. आरेन्टला त्यात दुसऱ्याच्या जागी उभं राहून विचार करण्याची असमर्थता दिसली. तयार वाक्यांची भिंत त्याला वास्तवापासून वाचवत होती. आइशमनबद्दलच्या तिच्या निष्कर्षावर पुढे अभ्यासकांनी जोरदार आक्षेप घेतले, तो दाखवतो तितका बिनडोक नव्हता, कडवा नाझी होता, असं म्हटलं. पण तयार वाक्य माणसाला माणसापासून वाचवू शकतं, हे निरीक्षण त्या वादानंतरही उभं राहतं.

आपल्या पातळीवर, फार लहान प्रमाणात, ते रोज घडतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाला व्हिडिओ कॉलवर सांगण्यात आलं, 'वुई आर लेटिंग यू गो'. त्याला वाटलं, आज लवकर सोडतायत. त्याने 'थँक यू' म्हटलं. पलीकडून कुणी थांबून त्याला साध्या शब्दांत सांगितलं नाही. संध्याकाळी ऑफिसचं लॉगइन बंद झालं तेव्हा त्याला कळलं की नोकरी गेली. वर्गात हे सांगताना तो स्वतःच्याच इंग्रजीवर हसला. मला हसू आलं नाही. इंग्रजी त्याचं कमी पडलं, पण कर्तव्य कुणाचं कमी पडलं?

यात इंग्रजीला एकटीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचं कारण नाही. आपणही कामावरून काढताना 'नारळ देतो'. निरोपाचा, मानाचा नारळ! आपण दुकान बंद करत नाही, 'वाढवतो'. बांगडी फुटत नाही, 'वाढते'. नव्याने मराठी शिकणाऱ्याला सांगा की दुकान वाढवलं, तो दुसऱ्या दिवशी मोठ्या दुकानाच्या शोधात येईल.

मग सगळंच झाकणं वाईट का? नाही. बांगडी वाढते असं म्हणणाऱ्या आजीच्या मनात घरावरचं अरिष्ट दूर ठेवायची इच्छा असते. 'देवाज्ञा झाली' म्हणणारा जड बातमी हलक्या हाताने खाली ठेवत असतो. म्हणून माझी कसोटी अशी आहे: हे पांघरूण कुणाला ऊब देतं? ऐकणाऱ्याला देत असेल तर ती माया आहे. फक्त बोलणाऱ्याला देत असेल तर ती पळवाट आहे. 'देवाज्ञा' ऐकणाऱ्याला सावरते. 'लेटिंग यू गो' बोलणाऱ्याला सावरतं. जणू तो मुलगा जायला धडपडत होता आणि कंपनीने मोठ्या मनाने दार उघडलं.

कुणाचा वाक्प्रचार, कुणाची चूक

एक शेवटचा मुद्दा. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. आपण बेसबॉल खेळत नाही, पाहत नाही, तरी तो वाक्प्रचार न कळणं ही आपली उणीव ठरते. उलट आपण इंग्रजीत 'डोंट ईट माय हेड' म्हटलं, की ती चूक ठरते, हसण्यावारी जाते. खरं तर दोन्हींत फरक काय? डोकं खाल्लं जात नाही, तशी बादलीला लाथ मारूनही कुणी मरत नाही. एक वाक्प्रचार आणि दुसरी चूक, हे भाषेने ठरवलेलं नाही. कुणाच्या न कळण्याला लाज म्हणायचं आणि कुणाच्या न कळण्याला हक्क, हे ताकदीने ठरवलंय.

आणि आपणही तेवढेच ताकदवान होतो, संधी मिळाली की. गावाकडून आलेल्या मुलाची बोली, बिहारहून आलेल्या सुताराचं मराठी, यांच्यासमोर आपला 'द्राविडी प्राणायाम' आणि 'वाटाण्याच्या अक्षता' फेकून आपण मजा पाहतो. वाक्प्रचार आपलेपणाची ऊब देतो हे खरं आहे, मला ती ऊब फार आवडते. पण प्रत्येक शेकोटीभोवती एक गोल असतो, आणि गोलाबाहेर कुणीतरी कुडकुडत असतं. शेकोटी विझवायची नाही. थोडं सरकून जागा करायची.

सरकणं अवघड नसतं. बोलणाऱ्याने, समोरचा गोंधळला तर तेच साध्या शब्दांत पुन्हा सांगायचं, आणि गोष्ट गंभीर असेल तर आधीच साध्या शब्दांत सांगायची. ऐकणाऱ्याने 'म्हणजे काय?' असं विचारायचं. हे दोन शब्द मी वर्गात यादीच्या आधी शिकवते. ते विचारणाऱ्याचं अज्ञान दिसतं असं मुलांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. खूपदा या प्रश्नावर बोलणाराच अडखळतो. 'काही नासकी सफरचंदं' म्हणजे काय, किती, कोणती, पिंप कुणी तपासलं? 'लेटिंग गो' म्हणजे काय, कुणी ठरवलं, कधीपासून, पगाराचं काय?

वाक्प्रचाराचा अर्थ कळला, असं मी आता तेव्हाच म्हणेन, जेव्हा त्यातून कोण गायब झालंय हे मला दिसेल. यादीतला अर्थ पाठ करा, तो लागतोच. जन्मकथा ऐका, खऱ्या असतील तर उत्तमच. आणि पुढच्या सत्काराला कुणी माइकवर सिंहाचा वाटा म्हणालं, तर टाळ्या जरूर वाजवा. फक्त वाजवताना एकदा मागच्या रांगेत नजर टाका. गाय, शेळी आणि मेंढी बहुधा तिथे खुर्च्या उचलत असतील.